अकरावीतच कॉलेजचे क्रेडिट मिळतात का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. कोणतं कॉलेज, कोणती शाखा, डोनेशन किती. यंदा मात्र दर दुसऱ्या पत्रात क्रेडिटची, म्हणजे एखादा विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणाऱ्या मापाची, चौकशी आहे. माझं नोकरीचं सगळं आयुष्य नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या पात्रता विभागात गेलं. बाहेरून आलेल्या मुलांच्या गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन तपासायचं आणि 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढं सांगायचं, हे आमचं काम. त्यामुळे क्रेडिटचा विषय निघाला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: घेणार कोण? देणारे पुष्कळ असतात.

प्रश्न: ताई, माझी नणंद मिनेसोटात असते. तिची मुलगी अकरावीत आहे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस चक्क कॉलेजात जाते. परवा व्हिडिओ कॉलवर नणंदबाई सासूबाईंना म्हणाल्या, "हिचे चोवीस क्रेडिट झाले, बारावी होईस्तोवर कॉलेजचं एक वर्ष खिशात!" तेव्हापासून घरात एकच धोशा सुरू आहे. माझा मुलगाही अकरावी सायन्सलाच आहे, स्टेट बोर्ड. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास. एवढं करून त्याच्या पदरात असं काहीच कसं पडत नाही? नागपुरात हे कुठे करता येतं?
– एक आई, मानेवाडा

उत्तर: तुमच्या नणंदबाई थापा मारत नाहीत, हे आधी सांगून टाकते. शाळेत असतानाच कॉलेजात बसून शिकायची मुभा कायद्यानं देणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य मिनेसोटाच, १९८५ साली. अकरावी-बारावीची मुलं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) किंवा विद्यापीठात नाव घालतात. मोठ्या मुलांसोबत तोच तास, तोच पेपर. पास झालं की तो विषय शाळेच्या खात्यातही धरतात आणि कॉलेजच्याही. फी आणि पुस्तकांचा खर्च पालकांवर पडत नाही. वॉशिंग्टन राज्यातही 'रनिंग स्टार्ट' नावाची अशीच योजना १९९० च्या कायद्यापासून आहे.

आता हिशेब. तिकडे चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला ३०. चोवीस म्हणजे पाचवा हिस्सा. 'एक वर्ष खिशात' म्हणायला अजून सहा कमी आहेत, पण पोरीची बारावी बाकी आहे, होऊन जातील. (पात्रता विभागातली सवय, जुळवणी केल्याशिवाय सही होत नाही.)

व्हिडिओ कॉलवर सहसा सांगत नाहीत अशा दोन-तीन गोष्टी मात्र आहेत. एक म्हणजे, कॉलेजातला गुण कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा राहतो. सोळाव्या वर्षी कुणी इतिहासात आपटलं किंवा मध्येच विषय सोडला, तर पुढे मेडिकलला अर्ज करताना, आर्थिक मदत मागताना ते पान समोर येतं. 'तेव्हा लहान होती हो' याला तिथे रकाना नाही. दुसरं, हे क्रेडिट त्याच राज्याच्या सरकारी कॉलेजात सहज चालतात, कारण तिथे आपसात करार असतात. मिनेसोटात तर ४० क्रेडिटचा एक सामाईक गठ्ठाच ठरलेला आहे. तो पूर्ण केला की राज्यातल्या सरकारी कॉलेजांत त्यावर पुन्हा हुज्जत नाही. पण पोरगी उद्या दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या खाजगी विद्यापीठात गेली, तर ते चोवीसचे चोवीस धरतील, बारा धरतील किंवा एकही धरणार नाहीत. बर्डीवरच्या एका दुकानाचं कुपन शेजारच्या दुकानात चाललंच पाहिजे असं नाही, त्यातलाच प्रकार.

आणि तिसरी गोष्ट वाचून तुम्हाला हसू येईल. तिकडे १९७४ चा एक कायदा आहे. मूल कॉलेजात शिकायला लागलं की तिथल्या गुणांची माहिती मिळवायचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो, वय अठराच्या आत असलं तरी. म्हणजे त्या कॉलेजच्या प्राध्यापकाला नणंदबाईंनी फोन केला, तर तो नम्रपणे सांगू शकतो, 'तुमच्या मुलीलाच विचारा.' आपल्याकडे पोट्टं तासाला दिसलं नाही तर दहाव्या मिनिटाला क्लासवाल्यांचा मेसेज बापाच्या मोबाइलवर येतो!

आता तुमच्या मुलाचं. नागपुरात स्टेट बोर्डाच्या अकरावीत राहून विद्यापीठाचे क्रेडिट कमवायचा सरळ रस्ता आज नाही. का नाही, ते कुठल्याही जुन्या कॉलेजच्या आवारात उभं राहिलं की दिसतं. एकच फाटक, एकच सायकल स्टँड, एकाच कॅन्टीनचे पोहे. पण अकरावी-बारावीच्या वर्गांचा मालक राज्य मंडळ, त्याचं नागपूर विभागीय मंडळ. जिना चढून वर गेलं की पदवीचे वर्ग, त्यांचा मालक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. हजेरीपट वेगळा, शिक्षकांच्या नेमणुका वेगळ्या, परीक्षा वेगळी. विद्यापीठाच्या दृष्टीनं विद्यार्थी जन्माला येतो तोच बारावीची गुणपत्रिका आणि टीसी घेऊन. ती कागदपत्रं तपासली, पात्रता निघाली, नोंदणी क्रमांक पडला, की मग त्या क्रमांकासमोर गुण लिहायचे. क्रमांकच नसेल तर तुमच्या मुलानं वरच्या वर्गात मागच्या बाकावर बसून अख्खं सेमिस्टर ऐकलं तरी ते गुण लिहिणार कुठे?

'पण नव्या धोरणात शाळेतही क्रेडिट आहेत' असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. खरं आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एप्रिल २०२३ मध्ये आला. त्यात ३० तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० क्रेडिट असा हिशेब आहे. पण त्याच आराखड्यात पायऱ्याही आहेत. दहावी म्हणजे तिसरी पातळी, बारावी म्हणजे चौथी आणि पदवीचं पहिलं वर्ष साडेचार. अकरावीचे ४० क्रेडिट हे चौथ्या पातळीपर्यंत पोचायचे. त्यांच्या जोरावर बीएस्सी किंवा बीई प्रथम वर्षाचा एकही पेपर सुटत नाही. त्यांचा खरा उपयोग नेहमीचं शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण यांच्यात ये-जा करणाऱ्या मुलांना व्हावा, असा हेतू आहे. काही क्लासवाल्यांनी एवढ्यावरच 'क्रेडिट बॅच' काढल्याचं माझ्या कानावर आलंय. फी भरण्याआधी त्यांना विचारा, हे क्रेडिट कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमात धरतात, ते लेखी द्या. मग बघा चहा किती लवकर येतो.

बारावीत असताना पदवीच्या दारापर्यंत जाऊन पोचता येतं अशी एक सोय मात्र मला माहीत आहे आणि ती बरी वाटते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० मध्ये सुरू झाली. अकरावीची परीक्षा दिलेला मुलगा, कोणत्याही बोर्डाचा, कोणत्याही शाखेचा, तिच्या पात्रता फेरीला अर्ज करू शकतो. दहावीला गणित आणि इंग्रजी झालेलं हवं. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजीचे धडे, दर आठवड्याला गृहपाठ, मग केंद्रावर जाऊन परीक्षा. पास झाला तर बारावीनंतर पायाभूत टप्प्यात प्रवेश, जेईई न देता. त्या टप्प्याला ३२ क्रेडिट आहेत आणि पूर्ण पदवीला १४२. लक्षात घ्या, क्रेडिट तेव्हाही बारावीनंतरच सुरू होतात. आधी पक्की होते ती जागा.

तुमच्या मुलानं हे करावं का? तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमात मला ते चार आठवडे बसताना दिसत नाहीत. अकरावीची वार्षिक परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत बसत असतील तर बघा. आणि सासूबाईंना एवढं सांगा की नातीनं जे विषय संपवलेत ते बहुतेक इंग्रजी लेखन, इतिहास, मानसशास्त्र, बीजगणित असे असतील. तिकडे पदवीची पहिली दीड-दोन वर्षं असल्या सर्वसाधारण विषयांचा मोठा वाटा असतो, म्हणून ते शाळेत असतानाच उरकायची सोय त्यांना परवडते. नातवाला मात्र बारावीतच इंटिग्रेशन आणि ऑर्गेनिक केमिस्ट्री आहे. तुलना करायचीच असेल तर त्या भाचीला एकदा आपल्या बारावीचा फिजिक्सचा पेपर पाठवा.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी दहावीला ८६ टक्क्यांनी पास झाली. आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. तिला इंजिनिअर व्हायचं आहे. गावात कुणी म्हणतं पॉलिटेक्निकला टाका, इंजिनिअरिंगचं एक वर्ष वाचते. कुणी म्हणतं आधी बारावी करा, मग पॉलिटेक्निकचंच एक वर्ष वाचते. दोन्हीकडे वर्ष वाचत असेल तर काहून कुणी दुसरं काही करते? नक्की काय आहे?
– एक शेतकरी पालक, काटोल तालुका

उत्तर: भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या टेबलाची आठवण आली. दोन्ही माणसं खरं बोलत आहेत आणि दोघंही अर्धंच बोलत आहेत. बोटं मोडा माझ्यासोबत.

पहिला रस्ता: दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक. डिप्लोमा हातात आल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटी न देता, डिप्लोमाच्या टक्क्यांवर. मग डिग्रीची तीन वर्षं. तीन अधिक तीन, सहा.

दुसरा रस्ता: अकरावी-बारावीची दोन वर्षं, सीईटी, मग डिग्रीची चार. दोन अधिक चार, सहाच.

तिसरा रस्ता: बारावी सायन्स करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन अधिक दोन झाली चार, पुढे डिग्रीची तीन. सात.

म्हणजे डिग्री गाठायचीच असेल तर वर्ष कुठेच वाचत नाही आणि तिसऱ्या रस्त्यानं तर एक वाढतं. तिसरा रस्ता त्या मुलांसाठी आहे ज्यांची बारावी झाली, सीईटी बिघडली आणि लवकर नोकरीला लागायचं आहे. वाईट नाही, पण ठरवून जायचा रस्ता तो नव्हे.

तरीही आपल्या महाराष्ट्रात, शाळा संपल्या संपल्या केलेलं शिक्षण पुढच्या पदवीत पूर्ण वर्षाच्या हिशेबानं धरलं जाण्याची सगळ्यात जुनी, पक्की आणि सरकारमान्य सोय हीच आहे. इथे घेणारा ठरलेला आहे, नियम छापील आहेत, दरवर्षी कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी) होतो. मंजूर जागांच्या १० टक्के वाढीव जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी असतात. कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. अमेरिकेचे क्रेडिट, ऑनलाइन क्रेडिट म्हणून जे लोक भुलतात, त्यांना घरासमोरचं हे दिसत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग निवडायचं कसं? मुलगी हातानं काम करण्यात रमते का ते पाहा. बागेतला पंप बंद पडला तर ती दूर उभी राहते की पान्हा आणून देते? पान्हा आणून देणारी असेल तर पॉलिटेक्निक. १८-१९ व्या वर्षी हातात डिप्लोमा असतो, काही बिनसलं, घरची अडचण आली तरी नोकरीचा कागद आहे. अकरावी-बारावी करून सीईटीत घसरलेल्या मुलाच्या हातात तसं काही नसतं. सदरला मंगळवारी बाजाराजवळचं शासकीय तंत्रनिकेतन स्वायत्त आहे, तिथे दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो. यादी बघायला एकदा मुलीला घेऊन स्वतः या, एजंटाला पाठवू नका.

उलट तिला व्हीएनआयटी किंवा आयआयटीचं मन असेल तर अकरावीच करा. तिथे डिप्लोमावाल्यांना थेट दुसरं वर्ष नाही, जेईई देऊन पहिल्या वर्षापासूनच जावं लागतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये इतरांच्या पुढे असतात, पण एम-थ्रीला (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) अडखळतात, कारण सोबतच्या मुलांनी बारावी आणि पहिलं वर्ष मिळून जे गणित घोटलेलं असतं ते यांचं कमी पडतं. डिप्लोमाच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिला बारावीचं कॅल्क्युलस करायला बसवा. फीची काळजी असेल तर हेही पाहून ठेवा: ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा, प्रवेशाच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. एनपीटीईएलचा पायथनचा कोर्स केला, परीक्षा नागपूरबाहेर जाऊन दिली आणि ७८ मिळाले. प्रमाणपत्रावर 'शिफारस केलेले क्रेडिट' असं लिहून आलं आहे. पुढे बीटेकला गेलो की हे क्रेडिट आपोआप लागतील ना? बाबा म्हणतात, फक्त फ्रेम करून ठेव.
– त्रिमूर्तीनगर

उत्तर: आधी शाबासकी घे. हजार रुपये फी भरून, गृहपाठाचे २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ अशा हिशेबात ७८ आणणं म्हणजे गंमत नाही. दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं, हे बाबांनाही सांग.

पण 'शिफारस केलेले' हा शब्द नीट वाच. शिफारस कॉलेजला केलेली असते आणि अकरावीत तुला विद्यापीठाचं कॉलेज नाही. नियम असा आहे की पदवीला असलेल्या मुलाला एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून, म्हणजे तुझ्या एनपीटीईएलचे कोर्स ज्यावर असतात त्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून, करता येतात. यूजीसीनं ही मर्यादा २०२१ मध्ये वाढवली, आधी २० टक्के होती. त्यासाठी त्या कॉलेजनं सेमिस्टरच्या सुरुवातीला तो कोर्स आपल्या यादीत घ्यावा लागतो, मग मुलानं नोंदणी करायची, मग गुण आले की कॉलेज ते चढवतं. तुझा क्रम उलटा झालाय. कोर्स आधी, कॉलेज नंतर. 'आपोआप' तर काहीच होत नाही. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्रेडिटच्या सरकारी डिजिटल खात्यात, क्रेडिट जमा करायचा अधिकार संस्थेला आहे. विद्यार्थी स्वतः जाऊन प्रमाणपत्र भरू शकत नाही. जमा झालेलं क्रेडिट सात वर्षं चालतं, पण आधी ते कुणीतरी जमा करायला हवं.

तरी फ्रेम करू नको, फायलीत ठेव. प्रवेश झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात विभागप्रमुखांना भेट आणि विचार, 'हा कोर्स तुमच्या यादीत आहे का, नसेल तर पुन्हा याच विषयाची परीक्षा द्यावी लागेल का?' स्वायत्त कॉलेज असेल तर त्यांच्या हातात थोडी मोकळीक असते. बहुधा 'नाही' म्हणतील. तेव्हा वाद घालू नको. पहिल्या सेमिस्टरच्या प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये बाकीचे कंस मोजत बसलेले असतील, तेव्हा तुझं काम उरकलेलं असेल आणि तो वेळ गणिताला मिळेल. पुढचा कोर्स आता करूच नको. बारावी कर. पदवीला गेल्यावर यादी बघून कर, तेव्हा तो मोजला जाईल.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी वर्धा रोडवरच्या एका सीबीएसई शाळेत अकरावीत आहे. पदवीसाठी अमेरिकेला जायचं ठरलं आहे. आमच्या सल्लागारानं सहा एपी परीक्षा द्यायला सांगितल्या, म्हणजे एक वर्षाची फी वाचेल म्हणतो. खर्च मोठा आहे. करावं का?
– एक वडील

उत्तर: एपी म्हणजे कॉलेज बोर्डाच्या परीक्षा, शाळेत असतानाच द्यायच्या, मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत. गुण १ ते ५. तीन किंवा वर आले की पुष्कळ कॉलेजं काहीतरी देतात, पण 'काहीतरी' म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीला ५ असतील तर पहिला कॅल्क्युलसचा विषय माफ करतं, पण बहुतेक एपींना काही देत नाही. डार्टमथनं २०१४ पासून आलेल्या मुलांना एपीचे क्रेडिट देणंच बंद केलं, फार तर वरच्या वर्गात बसवतात. मोठी सरकारी विद्यापीठं बरीच उदार आहेत. तेव्हा सल्लागाराला 'सहा' हा आकडा कुठून आला ते विचारा. मुलगी जिथे अर्ज करणार आहे त्या आठ-दहा कॉलेजांची नावं कागदावर मांडा आणि प्रत्येकाचं एपी धोरण कॉलेज बोर्डाच्या शोधपानावर बघा. त्या यादीतल्या अर्ध्याहून जास्त कॉलेजांत चालणारे विषय तेवढेच द्या. माझा अंदाज, दोन किंवा तीन उरतील.

सीबीएसईच्या मुलीला कॅल्क्युलस आणि फिजिक्स सी (मेकॅनिक्स) हे जवळचे. पण बीसीमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या वरच्या पेपरात, अनंत श्रेणींचा भाग आहे, तो तिच्या बारावीच्या पुस्तकात नाही. तो वेगळा करावा लागेल. एप्रिल-मे मध्ये नीट आणि सीईटी असतात, त्याही द्यायच्या म्हणत असाल तर दोन दगडांवर पाय ठेवू नका. एपीची नोंदणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत होते आणि केंद्र असलेल्या शाळेत बाहेरच्या मुलीला जागा आहे का ते तेव्हाच विचारावं लागतं.

एक वर्ष वाचण्याचंही तपासून घ्या. एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर पदवीच्या मुलांना दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. हातात एपीचे क्रेडिट आहेत म्हणून आरामात दोन विषय घेऊन राहता येत नाही. वर्ष वाचतं ते एकाच मार्गानं, लवकर पदवी घेऊन बाहेर पडलं तर. तुमची मुलगी तीन वर्षांत परत निघेल का? तिला विचारलंय का?

प्रश्न: शाळेनं 'अपार' आयडीसाठी संमतीपत्र पाठवलं आहे. क्रेडिट त्यातच जमा होणार म्हणतात. सही करू का? मुलगा नववीत आहे.
– एक आई, इतवारी

उत्तर: सही करायची की नाही हे तुमच्या हातात आहे, संमती ऐच्छिक आहे आणि अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांचीच लागते. मी केली असती. अपार म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी क्रमांक असतो, पुढे कॉलेजात क्रेडिट बँकेलाही तोच जोडला जातो आणि डिजिलॉकरमध्ये दिसतो.

सहीपेक्षा महत्त्वाचं काम आहे नावाचं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रेकॉर्डवरचं नाव जुळलं नाही तर आयडी निघतच नाही. आणि आपल्याकडे जुळत नाहीच. शाळेत आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे 'एच' जास्त, कुठे 'ए' एकच. वडिलांच्या नावात 'राव' कधी आहे, कधी नाही. आमच्या टेबलावर प्रवेशाच्या दिवसांत असे फॉर्म उशाएवढे साठायचे आणि पोरं प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाकडे पळायची.

आज संध्याकाळी तीन कागद शेजारी ठेवा: जन्मदाखला, शाळेची गेल्या वर्षाची प्रगतिपुस्तिका आणि आधार. अक्षर न् अक्षर मिळवा, जन्मतारीखही. शाळेच्या रजिस्टरमधली चूक दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत सुटते, मुख्याध्यापकांच्या सहीनं. गुणपत्रिका छापून आल्यावर तीच दुरुस्ती बोर्डाच्या कार्यालयातून करावी लागते आणि तिला महिने लागतात. नववी आहे म्हणजे अजून वेळ आहे. आधारमधली चूक असेल तर ती आधी आधार केंद्रावर दुरुस्त करून घ्या, पावती जपा, नवं आधार आलं की मगच संमतीपत्रावर सही करा.